गालिच्याची उलटी बाजू

मुलाने दुबईहून इराणी गालिचा आणला आणि त्या दिवसापासून आमच्या जळगावच्या घरात चपलाच काय, माणसंही दाराबाहेर उभी राहू लागली. पाय धुतल्याशिवाय मी कुणाला हॉलमध्ये घेईना.

दुकानदाराने त्याला सांगितलं होतं, काशानचा आहे, हाताने विणलेला. मुलगा परत गेल्यावर मी मोबाइलवर वाचून पंडित झाले. मधोमध मोठं पदक आणि भोवती वेलबुट्टी म्हणजे काशान, ठसठशीत कोनांची नक्षी म्हणजे हेरिझ, आणि शिराझकडचे मेंढपाळ म्हणे आपल्या बकऱ्याच विणून टाकतात. येईल त्याला मी हे ऐकवायची. आमच्या गालिच्यात पदक औषधालाही नव्हतं, पण अर्ध्या हळकुंडाने पिवळ्या झालेल्या बाईला ते कुठून दिसणार?

धाकट्या दिरांना दिसलं. "वहिनी, पदक कुठंय? हा सुरतेचा मशीनचा माल. पोराला गंडवलं बघा."

मी हसण्यावारी नेलं, पण मनात शंका बसली. स्वतःच्या आवडीने मुलाने घरासाठी घेतलेली ही पहिलीच वस्तू. रोज फोनवर विचारायचा, "गालिचा कसा आहे?" मी म्हणायची, "छान!" आणि भाजीच्या भावावर घसरायची.

मग शिंदखेड्याहून थोरल्या जाऊबाई आल्या. आम्ही सगळे त्यांना अक्का म्हणतो. त्यांच्या हातची गोधडी मिळावी म्हणून नातेवाइकांत भांडणं लागतात. मी काशान-पुराण सुरू केलं, तर त्यांनी सरळ फतकल मारली आणि गालिच्याचा कोपरा उलटा केला. मी किंचाळलेच.

"गोधडी देखानी ते उलटी देखानी," त्या त्यांच्या अहिराणीत म्हणाल्या. मागच्या गाठींवरून अंगठा फिरवला, कड चाचपली; झालर गालिच्याच्याच धाग्यांची निघाली. "झालर शिवेल नही. बठ्ठं हातनं काम शे."

"सगळं हाताचं? पण भाऊजी म्हणतात, मशीनचं."

अक्कांनी गालिचा सुलटा केला आणि माझं बोट धरून काठाच्या नक्षीतल्या एका बकरीवर टेकवलं. मी पाय मोजले. पाच! तिच्या शेजारच्या बकरीला मात्र चारच.

"मशीन बठ्ठ्या सारख्या करस. हाई बाईना हात शे."

म्हणजे काशान नव्हे, शिराझकडचा. विणता विणता त्या बाईचं दूध उतू गेलं असेल, परत येऊन पाय मोजायला विसरली असेल. मला तिचा मुकाच घ्यावासा वाटला.

तिथल्या तिथे मुलाला फोन लावला. पाच पायांची बकरी ऐकून तो खो खो हसला. मग एकदम थांबला.

"आई, म्हणजे तुला तो खोटा वाटत होता?"

अक्का बघत होत्या. मला फार लाज वाटली, पण म्हटलं, "हो रे."

"मलाही," तो म्हणाला. "घेतल्या दिवसापासून. तू कधीतरी खरं बोलशील म्हणून रोज विचारायचो."