बाईजा धवळारणीची हजेरी

वाघळ्याची वाडी शहापूरपासून अर्ध्या दिवसाच्या चालीवर, डोंगराच्या कुशीत. तिथली बाईजा धवळारीण होती. हळद दळायला घेण्यापासून नवरी सासरच्या उंबऱ्यात पाऊल टाकेपर्यंत लग्नातल्या प्रत्येक गोष्टीचं एक गाणं असतं. त्यांना धवळे म्हणतात, आणि ते गाऊन लग्न लावते ती धवळारीण. त्या बाजूला भटजी नाही मिळाला तरी लग्न अडत नसे, धवळारीण नसली तर अडे. बाईजाला शहापूरच्या वाड्यांपासून मुरबाडकडच्या धसईपर्यंत बोलावणी येत. आवाज मोठा, हसणं त्याहून मोठं, आणि नवरदेवाच्या मावशांना गाण्यातून चिमटे काढण्यात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. तिचा नवरा नवशा अगदी उलट. बोललाच तर भाताबद्दल नाहीतर बैलांबद्दल. आमच्या घरातलं सगळं बोलणं माझ्याच वाटणीला आलंय, असं ती म्हणायची.

सदतीस सालच्या थंडीत, पाळी जाऊन बरीच वर्षं झालेली असताना, तिच्या अंगावरून पुन्हा लाल जायला लागलं. जाऊ ठमी हिला तिनं हसतच सांगितलं की तरणपण जाताना काहीतरी विसरून गेलं होतं, ते न्यायला परत आलंय. ठमीही हसली. पण ते थांबेना. कधी चार दिवस बंद, मग पुन्हा सुरू, आणि घागर उचलली की जास्तच.

बाईजाला दुखण्यापेक्षा दुसरीच गोष्ट जाचत होती. अंगावरून जात असलेल्या बाईनं मांडवात उभं राहायचं नाही, हळदीला हात लावायचा नाही. हा नेम तिनं स्वतः कितीतरी पोरींना शिकवलेला. आता तो तिच्यावरच आला. घसा बसलाय असं सांगून तिनं एक बोलावणं परतवलं, मग दुसरं, मग तिसरं. लग्नसराई निम्मी झाली तरी घसा काही सुटेना. लोक खालच्या पाड्यातल्या एका नवख्या बाईला बोलवायला लागले. ती म्हणे मधली मधली कडवी गाळायची. ते ऐकून बाईजा रात्रभर तळमळली.

भगताकडे कोंबडा देऊन झाला, झाडपाला पिऊन झाला. शेवटी ठमीनंच नवशाला सांगितलं. नवशानं ऐकून घेतलं आणि गाडीला बैल जुंपले. कुठं निघालात, असं बाईजानं विचारलं, तर तो "बस" एवढंच म्हणाला.

शहापूरच्या दवाखान्यातल्या डॉक्टराला तिनं हात लावू दिला नाही. त्यानंही आग्रह केला नाही. दोन-चार प्रश्न विचारले, त्याचा चेहरा जरा उतरला, आणि त्यानं मुंबईच्या एका बायकांच्या इस्पितळाचं नाव सांगितलं. तिथं तपासणारी बाईच आहे आणि उशीर करू नका, असं त्यानं नवशाला दोनदा बजावलं. दुसऱ्या दिवशी दोघं आसनगावहून आगगाडीत बसली.

मुंबईची डॉक्टरीण साधारण बाईजाच्याच वयाची, किडकिडीत, पांढऱ्या सुती लुगड्यातली. तिनं तपासलं, हात धुतले आणि खाटेच्या कडेला येऊन बसली. बाईजानं सरळ विचारलं की काय ते फोडून सांग.

"पिशवीच्या तोंडाशी गाठ आहे," डॉक्टरीण म्हणाली. "वाईट जातीची आहे. तशीच ठेवली तर फार दिवस नाहीत. रेडियम म्हणून एक धातू असतो, तो आत ठेवून ती जाळता येते. काही बायका त्यानं बऱ्या होतात, काही नाही होत."

"किती होतात?"

"तेच तर मला माहीत नाही, बाई. इथं बरं वाटलं की बायका घरी जातात त्या परत येतच नाहीत. वर्षानं जगल्यात की मेल्यात, मला कळायचं कसं? आणि ते कळल्याशिवाय पुढच्या बाईला मी काय सांगू? म्हणून आता येईल तिला मी विचारतेय. उपचार सगळ्यांना देणारच. पण बरी झालात तर वर्षातून एकदा मला तोंड दाखवायला याल का? पाच वर्षं."

बाईजानं विचार केला. ते येणं आपल्यासाठी की डॉक्टरणीसाठी, असं तिनं विचारलं. थोडं तुमच्यासाठी, जास्त करून तुमच्यामागून येणाऱ्या बायकांसाठी, असं उत्तर आलं. ते बाईजाला पटलं, कारण ते खरं वाटलं. ती म्हणाली, "जगले तर येईन. मेले तर नवशाला धाडीन. पण तो काय बोलायचा नाय, सांगून ठेवते."

रेडियम आत ठेवलं की हलायचं नाही, उताणं पडून राहायचं. परिचारिका यायच्या त्याही काम उरकून लगेच दूर व्हायच्या, कारण त्या धातूजवळ फार वेळ थांबणं बरं नव्हे. बाईजाला याची गंमत वाटली. घरी आपण विटाळशी म्हणून हळदीला शिवत नव्हतो, इथं सोवळ्यात बसल्यासारखं आपल्याला कोणी शिवत नाही. शेजारच्या खाटेवर भिवंडीकडची कमळ होती. वय चाळिशीच्या आतलं, सारखी रडायची. तिच्या नवऱ्यानं तिला इथं सोडलं ते पुन्हा फिरकला नव्हता. दोघींना एकमेकींकडे मान वळवण्याचीही मोकळीक नव्हती, म्हणून बाईजा छताकडे बघून धवळे म्हणायला लागली. आधी हळू, मग नेहमीच्या आवाजात. विहिणीला चिमटे काढणारं गाणं आलं तेव्हा कमळ हसली आणि पोट दुखतं म्हणून पुन्हा रडली. परिचारिका दाराशी उभं राहून ऐकत. इस्पितळात लग्न कोणाचं लागतंय, असं डॉक्टरणीनं एकदा येऊन विचारलं.

जाळणं, मग विजेच्या यंत्राचा शेक, त्यानं आलेला थकवा, जुलाब, अन्नावरची वासना उडणं, हे सगळं झालं. घरी आली तेव्हा तिला ओळखायला वाडीतल्या बायकांना जरा वेळ लागला. पण लाल जायचं थांबलं ते थांबलंच. पुढच्या सराईत पारू नावाच्या एका पोरीच्या हळदीला बाईजा मांडवात उभी राहिली आणि एकही कडवं न गाळता पहाटेपर्यंत गायली. नवशा मांडवाच्या मेढीला टेकून शेवटपर्यंत बसून होता. तो एरवी पहिल्या गाण्यालाच घोरायचा.

वर्ष झाल्यावर बाईजा मुंबईला गेली. जाताना नवीन तांदळाची पुरचुंडी नेली. डॉक्टरणीनं तपासून सगळं ठीक आहे म्हटलं आणि तांदळाचा वास घेऊन डोळे मिटले. त्या वर्षी बरोबरीच्या बऱ्याच जणी भेटल्या, कमळही भेटली. दुसऱ्या वर्षी बायका कमी झाल्या. तिसऱ्या वर्षी कमळ आली नाही. डॉक्टरणीनं शिपाई पाठवला होता, पण परका माणूस बाईच्या असल्या दुखण्याची चौकशी करायला दारात आला की घरचे म्हणत, अशी कोणी इथं नाही.

बाईजा म्हणाली की ते माझ्यावर सोडा. लग्नात आलेल्या धवळारणीला कोणी परकं मानत नाही, आणि हळद कांडताना बायका एकमेकींचं सगळं सांगतात. पुढच्या सराईत तिनं भिवंडीकडचं एक बोलावणं मुद्दाम घेतलं. ते कमळच्या सासरच्याच गावातलं होतं. हळद कांडता कांडता तिनं सहज विचारलं. एक म्हातारी हळू आवाजात म्हणाली, "कमळ ना? गेली बिचारी. पावसाच्या आधीच गेली." दुसरीनं नुसती मान हलवली. लग्नघरात रडायचं नाही म्हणून बाईजा परसात जाऊन रडली आणि परत येऊन गायली.

पुढच्या हजेरीला तिनं डॉक्टरणीला सांगितलं. कमळ बरी होईल असं डॉक्टरणीला फार वाटत होतं. मग तिनं कमळची नोंद मेलेल्यांत केली.

त्याच साली, लढाईचे दिवस असताना, बाईजा धसईला एका लग्नाला गेली. लग्न संध्याकाळचं. सकाळी बाजार भरला होता, म्हणून मीठ घ्यायला ती त्यात शिरली. भाजीच्या रांगेत एक बाई काकड्यांवरून एका गिऱ्हाइकाशी भांडत होती. आवाज ओळखीचा वाटला. बाईजा थांबली, पुढे गेली, पुन्हा मागे आली. बाई अंगानं भरलेली, दंडात चोळी घट्ट बसलेली. पण ती कमळच होती.

दिवसाढवळ्या, भरल्या बाजारात भूत काकड्या विकत नाही, एवढं बाईजानं मनाशी ठरवलं आणि जाऊन तिचा हात धरला. हात गरम होता.

"तू मेलीस ना गो?"

"मी कवा मेली?" कमळ म्हणाली. मग ओळख पटली आणि तिनं काकडी टाकून बाईजाला मिठी मारली. गिऱ्हाईक तेवढ्यात काकड्या घेऊन चालतं झालं.

भाजीच्या पाट्यांमध्ये बसून उलगडा झाला. इस्पितळातून आल्यावर नवऱ्यानं दुसरी केली होती. दोन वर्षं त्या दोघांच्या मध्ये राहून कमळ कंटाळली आणि एक दिवस सरळ धसईला, भाऊ सावळाराम याच्याकडे निघून गेली. गावातली म्हातारी खरंच बोलली होती. कमळ गेली होती, पावसाच्या आधीच गेली होती. भावाच्या मळ्यात तिनं भाजी लावली आणि आता बाजारात बसत होती. मुंबईला का नाही आलीस, असं विचारल्यावर तिनं खाली बघितलं. इतक्या लांबून एकटीनं जायची भीती वाटली आणि भावाला दुखण्याचं नाव सांगायची लाज वाटली, असं ती म्हणाली. सावळारामाला बाईजानं त्याच दुपारी सांगून टाकलं. तो म्हणाला, एवढंच ना, मी आसनगावपर्यंत पोचवीन.

दोघी मिळून मुंबईला गेल्या. बाईजानं कमळला दाराबाहेर थांबवलं, आत जाऊन म्हणाली की बाय, एक मेलेली बाई आणलीय, तेवढी तपासा. डॉक्टरीण चिडली, असली चेष्टा करू नका म्हणाली. मग कमळ आत आली. डॉक्टरीण उठून उभी राहिली ती तशीच राहिली. तिचे डोळे भरले, तोंडानं मात्र ती बाईजाला रागावत होती. यापुढे कोणी "गेली" म्हटलं तर कुठं गेली ते विचारायचं. समोरासमोर तिच्याशी बोलल्याशिवाय जिवंत धरायची नाही आणि घरच्या माणसानं स्पष्ट सांगितल्याशिवाय मेलेली धरायची नाही. बाईजानं कान पकडले. कमळची नोंद बदलली, आणि तपासणीत ती ठणठणीत निघाली.

त्यानंतर बाईजा सावध झाली. सराईत फिरताना तिनं आणखी काही जणींचा पत्ता लावला. त्यांतल्या बऱ्याच जणी खरोखरच वारल्या होत्या. एकीच्या म्हाताऱ्या आईपाशी ती दिवसभर बसून राहिली. डॉक्टरणीला हे सांगताना ती हसत नसे, आणि डॉक्टरीणही त्या दिवशी तिला लवकर सोडत नसे.

पाच वर्षं भरली तेव्हा डॉक्टरणीनं बाईजाला आणि कमळला समोर बसवलं. तिच्याकडे आलेल्यांपैकी निम्म्याहून कमी बायका उरल्या होत्या. पण ज्या लाल दिसताच आल्या त्यांतल्या बहुतेक जगल्या, आणि ज्या वर्षभर झाडपाला पीत बसल्या त्यांतल्या फार थोड्या.

"आता आलेल्या बाईला मी काय सांगायचं ते मला कळलं," ती म्हणाली. "तुमचं काम झालं. आता यायला नको."

बाईजाचा चेहरा पडला. "म्हंजे आता आमी जगलो काय, मेलो काय, तुमाला कायच नाय?"

डॉक्टरीण हसायला लागली. या म्हणाली, दरवर्षी या, तांदूळ घेऊन या.

पण लवकर येणारी जगते, हे नुसतं ऐकून बाईजाला घरी जायचं नव्हतं. पुढच्या प्रत्येक हळदीला, पुरुष बाहेर गेले की, ती कांडणं थांबवून बायकांना सांगायची. पाळी गेल्यावर परत आलं तर ते तरणपण नव्हे, घसा बसला म्हणून घरात बसू नका, मी बसले होते. पहिल्यांदा बायका तोंडाला पदर लावून हसल्या. मग एकेक जण तिला परसात गाठायला लागली. बुधी नावाची खालच्या पाड्यातली बाई, तीच ती कडवी गाळणारी, तिलाही तसंच होत होतं. बाईजानं तिला स्वतः मुंबईला नेलं. गाठ अजून बारीक होती, म्हणून बुधी लवकर सुटली. येताना गाडीत बाईजानं तिच्याकडून गाळलेली कडवी पाठ करून घेतली.

लढाई संपली त्या वर्षी डॉक्टरीण बायका तपासायला शहापूरला आली. धर्मशाळेतली एक खोली मागून घेतली होती. इतक्या बायका येतील असं तिला वाटलं नव्हतं. डोंगरातल्या वाड्यांतून, धसईहून, पोरं कडेवर घेऊन बायका आल्या. ठमी येणाऱ्यांना पाणी देत होती, कमळ रांग लावत होती आणि रांग मोडणारीला दटावत होती. नवशा दाराबाहेर दगडावर बसला होता. काय भानगड आहे बघायला बाजारातले पुरुष जमू लागले तेव्हा तो उठला. त्याला एवढं बोलताना आधी कोणी ऐकलं नव्हतं. तो म्हणाला की आत बायकांचं काम चाललंय, माझी बायको त्यानंच वाचली, ज्याला आपली वाचवायची असेल त्यानं घरी जाऊन तिला घेऊन यावं. पुरुष पांगले. दोघे-तिघे खरोखरच बायकांना घेऊन आले.

संध्याकाळी डॉक्टरीण पायरीवर बसून भाकरी आणि कमळच्या मळ्यातली काकडी खात होती. बाईजानं तिला विचारलं की तुझं लग्न झालंय का. नाही, असं डॉक्टरणीनं सांगितलं. मग धवळे कोणासाठी म्हणू, असा बाईजाला प्रश्न पडला. डॉक्टरीण म्हणाली, विहिणीला चिमटे काढणारं म्हणा, त्याला नवरी लागत नाही. बाईजानं घसा साफ केला. धर्मशाळेच्या ओट्यावर उरलेल्या बायकांनी मागून सूर धरला, आणि कोणाची विहीण ते न ठरवताच गाणं बराच वेळ चाललं.