बोलता न येणाऱ्यांचा नमुना

"इलोक्वंट म्हणजे ज्याला छान बोलता येतं तो. लॅटिनमध्ये 'लोक्वी' म्हणजे बोलणं." सरांनी हातावरची खडूची पूड झटकली आणि माझ्याकडे बोट केलं. "आणि ज्याला बोलता येत नाही, तो असा दिसतो. उभी राहा गं."

मी उभी राहिले.

आखाडा बाळापूरला बाजारामागे पत्र्याच्या खोलीत ही इंग्रजीची शिकवणी चालायची. नव्वदच्या दशकातली गोष्ट. मी अकरावीत होते, तांड्यावरून येणारी एकटीच. इंग्रजीत पास झालीस तर पुढे शिकायचं, नाहीतर लग्न, असं बापाने सांगून ठेवलेलं. म्हणून शिकवणी सोडता येत नव्हती. घरी आमची बंजाऱ्यांची गोरमाटी बोली, शाळेत मराठी, इथे इंग्रजी. पहिल्याच दिवशी सरांनी स्वतःविषयी इंग्रजीत बोलायला सांगितलं आणि माझी दातखीळ बसली. तेवढं पुरलं त्यांना. तांड्यावर माझ्या तोंडाला कुणी लागत नसे, हे त्यांना कुठून माहीत असणार?

सरांना शब्दांची मुळं शिकवायची भारी हौस. डिक्टेशन. व्होकल. कॉन्ट्राडिक्ट. बोलण्याचा शब्द फळ्यावर आला की मी उभी. एकदा म्हणाले, "यांचे आजे-पणजे बैल हाकत फिरले. हाकायला आवाज पुरतो, भाषा लागत नाही." वर्ग हसला. सर कधी रागावले नाहीत. गोडच बोलायचे.

मला काहीच वाटत नव्हतं. रडूही येत नव्हतं. हात बाकावर, नजर फळ्यावर. शब्द मात्र सगळे पाठ झाले. पुढे पुढे तर सरांनी बोट करायच्या आधीच मी उठायला लागले. कुणी न सांगता. त्याची लाज मला आजही वाटते.

दिवाळीनंतर आमच्याच तांड्यावरची एक पोरगी आली, माझ्याशेजारी बसली. सरांनी तिचं आडनाव विचारलं आणि हसले. "चला, जोडी झाली. उठा दोघी."

ती उठायला लागली. तिचे पाय थरथरत होते. माझे नव्हते. माझ्या पायांना सवय झाली होती. ते बघून माझी मलाच किळस आली. मी तिची ओढणी धरून तिला खाली बसवलं.

"ती न्हाई उठणार, सर. मी बी न्हाई."

"काय म्हणालीस?"

"तुमीच शिकवलं की. डिक्ट म्हंजे बोलणं, कॉन्ट्रा म्हंजे विरोधात. तेच करून राहिले."

सरांनी दाराकडे हात केला. आम्ही दोघी दप्तरं उचलून निघालो.

पुढचा अभ्यास एकटीने केला. इंग्रजीत जेमतेम पास झाले, पण झाले.

चारचौघांत बोलायची वेळ आली की अजून तोंड कोरडं पडतं. ते काही गेलं नाही. पण एक ठरलंय. कुणाचा नमुना म्हणून मी उभी राहणार नाही. उठले तर बोलायलाच उठेन, आणि बोलून झाल्याशिवाय खाली बसणार नाही.