तिच्याच विहिरीचं पाणी

माझ्या लग्नाला बारा वर्षं झाली, तोवर आम्ही चार दिवसांच्या वर घर सोडून कुठं गेलो नव्हतो. कारण विचाराल तर नळ. आमच्या गारखेड्यात पाणी आठव्या दिवशी येतं, कधी नवव्या, आणि आलं तर पाऊण तास टिकतं. त्या दिवशी घरात कुणी नसलं तर पुढचे आठ दिवस शेजाऱ्यांच्या दारात बादली घेऊन उभं राहा. त्यामुळं आमच्याकडं साखरपुडा असो की डोळ्याचं ऑपरेशन, आधी पाण्याच्या दिवसाला विचारायचं, मग तारीख धरायची. शहराचं नाव बदललं, पाट्या बदलल्या, नळ तोच राहिला. हे मी तक्रार म्हणून सांगत नाही. म्हणजे तक्रार आहेच, पण आज तिचं काम नाही. मी कोणत्या पाण्यावर वाढले ते आधी कळलेलं बरं, नाहीतर पुढचं ऐकून तुम्ही म्हणाल, बाई आहे की कसाई. ऐकून झाल्यावरही तसंच म्हणालात तरी माझी हरकत नाही.

ह्यांच्या वाळूजच्या कंपनीतले लोक दर उन्हाळ्यात कोकणात जायचे आणि वर्षभर फोटो दाखवायचे. लेक तेव्हा तिसरीत होती. तिनं समुद्र, समुद्र करून डोकं खाल्लं. आत्याबाईंना, म्हणजे माझ्या सासूबाईंना, समुद्राचं काही सोयरसुतक नव्हतं. सासरे गेल्यावर त्या पाचोड सोडून आमच्याकडं आल्या होत्या, गुडघे धरलेले होते. पण त्यांना एकटं कुठं ठेवणार? मंगळवारी दुपारी नळाला पाणी आलं. टाकी, ड्रम, हंडे, कळश्या, शेवटी कुकरसुद्धा भरून ठेवला आणि बुधवारी पहाटे आम्ही चौघं गाडीत बसलो. पुढच्या मंगळवारच्या आत परत, असा करार होता.

डिकीत मी गोडेतेलाचे पाच लिटरचे आठ रिकामे कॅन धुऊन, घरच्या पाण्यानं भरून ठेवले. ह्यांनी हात जोडले. "अगं, कोकणात चाललोय आपण. तिथं पाण्याला काय तोटा?" मी म्हटलं, गाडी चालवा.

ज्या घरी उतरलो ते नारळी-पोफळीच्या वाडीत होतं. मागच्या दोन खोल्या पाहुण्यांना देत. मालकीण माझ्याच वयाची. नवरा बोटीवर नोकरीला, सहा-सहा महिने बाहेर. घरात ती आणि तिचे सासरे. स्वयंपाकघराच्या दारातच विहीर. इतकी भरलेली की वाकून हातानं पाणी घ्यावं. ही बाई पोफळींना पाइप लावून द्यायची आणि खुशाल माझ्याशी गप्पा मारत बसायची. पाइप वाहतोय, वाहतोय. माझा जीव वरखाली. दोनदा तर मीच उठून मोटर बंद करून आले. ती हसली. मला हसू आलं नाही. खरं सांगते, मला तिचा राग आला. हिनं असं काय पुण्य केलं होतं, आणि आम्ही काय पाप?

पण ते दोन दिवस चांगले गेले. लेक लाटांत लोळली. आत्याबाईंनी लुगडं पोटरीपर्यंत धरून ओंजळभर पाणी घेतलं, जिभेला लावलं आणि थुंकल्या. "एवढा थोरला अन् चूळ भरायच्या कामाचा नाय!" आम्ही पोट धरधरून हसलो. त्या दिवशी माझं आणि त्यांचं किती बरं चाललं होतं, हे आठवलं की मला अजून त्रास होतो.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी रिक्षा भोंगा लावून फिरली. वादळ येतंय, किनाऱ्यावर जाऊ नका, उद्या दुपारी वरच्या अंगाला धडकणार. हे म्हणाले, "वरच्या अंगाला म्हणतायत ना? इथं नुसता वारा सुटेल." आमच्या घरात निर्णय असेच होतात. मी मात्र उठले, तोवर रिकामे झालेले आठही कॅन घेतले आणि विहिरीवर जाऊन भरायला बसले. मनानं नाही, हातानंच ते ठरवलं. जित्याची खोड. मालकीण दारात तांदूळ निवडत होती. "अहो वहिनी, विहीर काय चालत जाणारे का कुठं?" म्हणाली. मी शेवटचं झाकण घट्ट केलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी ते आलं. आमच्यावर नुसती त्याची कड आली म्हणे. खरा तडाखा आठ-दहा कोसांवरच्या गावांना बसला. कड अशी, तर मधलं कसं असेल? चार तास आम्ही सगळे आतल्या खोलीत भिंतीला पाठी लावून बसलो होतो. कौलं उडाल्याचं कळत होतं. माड पडला की जमीन हलायची. मालकीण प्रत्येक आवाजाला म्हणायची, "हा विहिरीकडचा. हा गोठ्याकडचा." आवाजावरून तिला झाड कळत होतं. नंतर नंतर तिनं सांगणं सोडून दिलं.

वारा पडल्यावर बाहेर आलो. तिच्या सासऱ्यांनी हातानं लावलेल्या वाडीत पाच माड उभे होते. बाकी सगळे आडवे. खाडीचं पाणी वाडीतून फिरून विहिरीत उतरलं होतं, वर फणसाचं झाड विहिरीतच पडलेलं, मेलेल्या कोंबड्या तरंगत होत्या. वीज नाही, फोन नाही, रस्त्यावर झाडांचा खच. मालकिणीकडं घरात दोन हंडे भरलेले होते. ते शेजारपाजाऱ्यांना वाटता वाटता दुसऱ्या दिवशी सकाळी संपले. ती वाटत होती आणि मी बघत होते. म्हटलं, ही बाई वेडी आहे. हिला माहीतच नाही पाणी संपतं म्हणून.

त्या दुपारी ती कळशी घेऊन आमच्या खोलीच्या दारात आली. सासऱ्यांनी सकाळी तहान लागली म्हणून तेच विहिरीचं पाणी गाळून प्यायलं होतं. त्यांना जुलाब सुरू झाले होते, डोळे खोल गेले होते. "वहिनी, तुम्ही परवा भरून ठेवलंत ना, त्यातलं एक कळशीभर द्याल? साखर-मीठ घालून बाबांना पाजते."

आठातले दोन कॅन रिकामे झाले होते. सहा भरलेले खाटेखाली होते, वरून चादर सोडलेली.

"संपलं हो," मी म्हटलं.

ती खाटेकडं बघतही नव्हती, मीच बघत होते. चोराच्या मनात चांदणं. "लेकराला वांत्या झाल्या ना काल, त्यात गेलं," असंही मी वर जोडलं. लेकराला काही झालं नव्हतं. ती खोलीतच बसून चित्रं काढत होती. मालकीण म्हणाली, "बरं, असू दे. जपा तिला." आणि गेली.

आत्याबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्या आवाज न चढवता म्हणाल्या, "तहानलेल्याला नाय म्हणलं व्हय गं? अन् तिच्याच हिरीचं पाणी."

मी भडकले. "रस्ता कधी उघडणार माहीत आहे का तुम्हाला? उद्या तुमच्या नातीला जुलाब लागले तर इथं दवाखाना कुठाय? तुमचा पाचोडचा धरम तुमच्यापाशी ठेवा." ह्यांच्याकडं बघितलं. हे खाटेवर बसून चादरीची कड सारखी करत होते. आजही विषय निघाला की म्हणतात, "तू म्हणालीस ना संपलं." जसं काही खाटेवर हे बसलेच नव्हते.

माणशी दिवसाला तीन ग्लास, असा मी हिशोब लावला. आत्याबाईंनी त्यांचा ग्लास घेतला, पदराखाली धरला आणि गुडघे सावरत बाहेर गेल्या. खिडकीतून दिसलं, म्हाताऱ्याचं डोकं मांडीवर घेऊन घोट घोट पाजत होत्या. मालकिणीला काय सांगितलं असेल कोण जाणे. घरातलं भांडण परक्याच्या अंगणात नेणाऱ्यातल्या त्या नव्हत्या, एवढं मला ठाऊक होतं, आणि त्यावरच माझा सगळा भरवसा होता.

पुढचा ग्लास दिला तेव्हा मी त्यांच्यासमोर उभी राहिले. "इथंच प्या. माझ्यासमोर."

सत्तरीच्या बाईला मी हे म्हणाले. त्यांनी माझ्याकडं बघितलं. मग एरंडेल प्यावं तसं डोळे मिटून ते पाणी प्यायल्या आणि ग्लास खाली ठेवला. हातात दिला नाही, खाली ठेवला.

दिवस कलता कलता मालकीण पुन्हा दारात. हातात सहा शहाळी, तोंडं सोलून आणलेली. "तुमचं पाणी संपलंय ना, लेकराला द्या. आडव्या माडांची आहेत, आता काढायला शिडीपण नको." असं म्हणून ती हसली. आता तेच पाणी ती सासऱ्यांना देत होती. लेकीनं दोन शहाळी प्यायली. ह्यांनी एक. मीही प्याले. गोड होतं, खोटं कशाला बोलू. आत्याबाईंनी हात लावला नाही.

वादळानंतर चौथ्या दिवशी माणसांनी झाडं तोडून एका गाडीपुरता रस्ता केला. निघायचं ठरलं तेव्हा चार कॅन तोंडापर्यंत भरलेले होते. ते तिथं ठेवून जावं, असं मनात आलं होतं; एवढी काही मी मेलेली नव्हते. पण ठेवले असते तर उघडी पडले असते. मग ह्यांनी ते चादरीत गुंडाळून, गादी उचलल्यासारखं दोन खेपांत डिकीत नेले. तिकडं हे कॅन लपवत होते आणि इकडं मालकीण माझी ओटी भरत होती. घर उघडं पडलेलं, वाडी आडवी, आणि ही बाई मला पाटावर बसवून कुंकू लावते, पदरात तांदूळ आणि नारळ घालते. "पुन्हा या हं. या खेपेला तुमचे हालच झाले." मी मान खाली घातली. तिला वाटलं असेल, नमस्कार केला.

घाट लागायच्या आधी रस्ता चिखलाचा होता, गाडी खाली घासायला लागली. हे म्हणाले, वजन कमी कर. मी उतरले आणि चारही कॅन रस्त्याच्या कडेला पालथे केले. वीस लिटर पाणी. आमच्या घरी त्यात दोन दिवसांचा स्वयंपाक आणि पिणं होतं. लेक खिडकीतून बघत होती. "मम्मी, पण हे तर संपलं होतं ना?" मी तिला एक धपाटा घातला.

आठवड्याभरानं मालकिणीचा फोन आला, नीट पोचलात का म्हणून. सासरे तालुक्याच्या दवाखान्यात होते, वाचले. नशीब त्यांचं. माझा त्यात काही वाटा नाही.

घरी आल्यापासून आत्याबाईंनी माझ्या हातचं पाणी घेतलं नाही. भांडल्या नाहीत, कुणाला सांगितलं नाही. जेवण वाढलेलं घ्यायच्या, चहा घ्यायच्या. पाण्याला मात्र स्वतः उठायच्या, भिंत धरत माठापर्यंत जायच्या, स्वतःचा ग्लास बुडवायच्या. मी ग्लास भरून शेजारी ठेवला तर तो तसाच राहायचा. मी म्हणायचे, ठेवा, मला काय! आणि संध्याकाळी तो ग्लास तुळशीत ओतायचे.

चार वर्षांनी त्या मोरीत पडल्या, खुबा मोडला, अंथरुणाला खिळल्या. आता उठून जाणं संपलं. मग त्या लेकीची वाट बघायला लागल्या. लेक शाळेतून साडेपाचला यायची आणि आल्या आल्या आधी आजीला पाणी द्यायची. सकाळी ह्यांच्या हातून एक ग्लास, मग थेट साडेपाच. मधल्या वेळी ओठ सुकायचे, जीभ फिरायची ओठांवरून, पण हाक मारायच्या नाहीत. उन्हाळा लागला होता. टाकी भरलेली, ड्रम भरलेले, आणि माझ्या घरात एक बाई तहानलेली पडलेली. मी पलंगाशी ग्लास घेऊन उभी राहायचे. त्या भिंतीकडं तोंड करायच्या. मी रडले, चिडले, एकदा तर ग्लास फेकून दिला.

शेवटी शेवटी त्यांना कुठं आहोत ते कळेनासं झालं होतं. एका दुपारी मी गेले तर त्यांनी तोंड वळवलं नाही. माझ्याकडं बघितलं, मग माझ्या हातातल्या ग्लासाकडं.

"त्या बाईला दिलं का गं?"

कोणत्या, ते मी विचारलं नाही.

"दिलं, आत्याबाई," मी म्हटलं. "कळशी भरून दिलं."

मग त्यांनी तोंड उघडलं. सगळा ग्लास प्यायल्या, आणि आणखी मागितलं.