फलकावर न आलेलं नाव

आमच्या बीदरच्या कॉलेजच्या दारात देणगीदारांचा काळा फलक आहे. त्यावर एक नाव मी येऊ दिलं नाही. हे आजवर बायकोलाही सांगितलेलं नाही.

मी तिथं दफ्तर सांभाळतो. जुने कागद निजामाच्या राजवटीतले, उर्दूत. ती लिपी मला शेजारच्या, बिदरी नक्षीची भांडी घडवणाऱ्या कारागिरानं शिकवली. ऑफिसात दुसऱ्या कुणाला येत नाही. फलकासाठी मी मराठीत उतरवायचं, दुसऱ्यानं कानडीत, मग दगडावर कोरायचं. माझ्या कागदात जे नाही, ते पुढं कुठंच नाही.

यादी करताना एका जुन्या वहीत ते पान निघालं. आमच्याच गावच्या, जनवाड्याच्या मालकानं जमीन दिलेली. अट एकच: गावातल्या दोन गरीब मुलांना वसतिगृहात फुकट ठेवावं.

मी सात वर्षांचा असताना याच मालकानं माझ्या बापाला चावडीपुढं वहाणा डोक्यावर घेऊन उभं केलं होतं. आम्ही बौद्ध, आणि बाप त्याच्या ओट्यापुढून वहाणा घालून गेला होता. आणि त्या फुकट जागेवर राहून शिकलेला मी. ते वाचून राग निवला नाही, दुप्पट झाला. माझं शिक्षणही याच्याच हातचं निघावं! वही मी कपाटाच्या तळाशी घातली.

फलक लागला तशी मालकाची म्हातारी लेक औरादहून आली. एकेका नावावरून बोट फिरवलं.

“अप्पाचं नाव कुटं हाय रे?”

“नोंद न्हाई, अक्का.”

“नीट बघितलास का?”

“बघितलो की.”

“म्हंजे आमचे अप्पा जलमभर उगंच फुशारकी मारायलते म्हण!” ती हसली आणि पदरानं डोळे पुसले.

खोटं कशाला सांगू, त्या दिवशी मी पोटभर जेवलो.

गेल्या महिन्यात ती परत आली. काठीवर.

“नाव ऱ्हाऊ दे. अप्पा लबाड होते का, एवढं सांग. मरायच्या आधी कळू दे.”

मी वही काढली आणि सगळं पान तिला मराठीत वाचून दाखवलं.

“मग कामून लपवलास?”

मी चावडीचं सांगितलं.

“त्या दिवशी चावडीपुढं मीबी होते,” ती म्हणाली. “हसले होते.”

नाव कोरावं म्हणून मी प्राचार्यांना लेखी दिलं आहे, माझ्या गुन्ह्यासकट. वहाणांचं त्याच कागदात लिहिलं आहे. मालकाला मी माफ केलेलं नाही. अक्काला केलं का, ते अजून ठरवलेलं नाही.