मिठागराचा हात

आमचे बाबा, हिरामण, जिवाला घोर लावून घेण्यात पटाईत. गॅसचं बटण तीनदा बघतात, कुलूप चारदा ओढतात, आणि मी खारघरच्या कॉलेजातलं ऑफिस सुटून घणसोलीला घरी पोचेपर्यंत ओट्यावरून हलत नाहीत. मी चिडते. "बाबा, मी चौतीस वर्षांची आहे," म्हणते. ते म्हणतात, "म्हनून काय झाला?"

फक्त एका बाबतीत त्यांना कधी घोर नसायचा. नोकरीभर ते मोजणी खात्यात साखळी धरणारे शिपाई होते, आणि जुने कागद वाचायचे ऐकून-बघून शिकले होते. आमच्या गावठाणात आजोबांच्या काळातली वाटणीपत्रं 'हात' या मापात लिहिलेली. अमुक इतके हात लांब, तमुक इतके हात रुंद. त्याचे गुंठे कोण करणार? बाबा. एक हात म्हणजे कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत अठरा इंच, बावीस हात म्हणजे तेहतीस फुटांची एक साखळी, आणि साखळी गुणिले साखळी म्हणजे एक गुंठा, आणि गुंठ्याचे आणे सोळा. कागद हातात पडला की चिठ्ठीवर आकडा लिहून देत. त्यांच्या चिठ्ठीवर गावात कोणी वाद घालत नसे आणि त्याचा त्यांना फार अभिमान होता. मलाही होता, पण मी तसं कधी बोलले नाही.

गावठाणातल्या घरांची मोजणी निघाली तसे ओट्यावर कागदांचे ढीग लागले. सुमित्राबाईंचा कागद त्यातलाच. विहिरीच्या कठड्यापासून तीन खाचांच्या दगडापर्यंत चव्वेचाळीस हात, रुंदी बावीस हात. तो दगड कुठे सापडला नाही, पण बाबांनी बोटांवरही न मोजता लिहिलं, दोन गुंठे. रुंदीकडे दोन्ही बाजूंना गल्ल्या, तिथे भांडायला कोणी नव्हतं. पण लांबीचे सहासष्ट फूट जाऊन थांबत होते शेजारच्या मीनाच्या स्वयंपाकघराच्या मागच्या भिंतीला, म्हणजे अख्खं स्वयंपाकघर सुमित्राबाईंच्या वाट्याला. मीना भाकऱ्यांच्या ऑर्डरी घेते, तिचं सगळं त्या एका चुलीवर चालतं. तरी ती म्हणाली, "हिरामनकाकांनी सांगितला म्हंजे बरोबरच असंल." रविवारी सकाळी भिंत पाडायचं ठरलं.

रविवारी बाबा चुन्याची खूण करायला गेले आणि टेपचं दुसरं टोक धरायला मला नेलं. कामगारांनी मीनाचा पाण्याचा ड्रम सरकवला. त्याखाली एक काळा दगड होता. कामगार तो उपटायला वाकला आणि बाबा ओरडले, "थांब!"

दगडावर तीन खाचा होत्या. आणि तो स्वयंपाकघराच्या अलीकडे होता, पलीकडे नाही.

आम्ही विहिरीपासून मोजलं. पंचावन्न फूट. बाबांनी पुन्हा मोजायला लावलं, मग तिसऱ्यांदा. पंचावन्नच. पंचावन्न फुटांना चव्वेचाळीसने भागलं तर एका हाताचे पंधरा इंच येतात. हा कसला हात? आजूबाजूला कुणाला काही कळलं नव्हतं. लोकांना तो धुण्याचा दगड वाटत होता, आणि मुकादम घड्याळ बघत होता. बाबा गप्प राहिले असते तर दगड ट्रॅक्टरमध्ये गेला असता. खरं सांगते, क्षणभर मला वाटलं, राहू देत गप्प. या वयात त्यांची शोभा नको.

बाबांनी आपला उजवा हात भिंतीला लावला. बोटं सरळ. मग त्यांनी हळूच मूठ मिटली आणि कोपरापासून मुठीपर्यंत टेप धरली. पंधरा इंच.

"माजा आकडा चुकला," ते मोठ्याने म्हणाले. "पारू नका भिंत."

सुमित्राबाई तरातरा पुढे आल्या. "आता चुकला? तूच सांगलास ना दोन गुंठं?"

"एक गुंठा नि सहा आने हाय तुजा. ह्यो मिठागराचा हात हाय, सुमित्रा. मुठीचा. तुजा सासरा नि माजा बापूस एकाच मिठागरात फावरा ओढीत. त्यांची बोटां सरळ व्हायचीच नाय. मोजतील कशी?" बाबांनी मूठ पुढे केली. "माज्या डोक्यावर बापूस मूठच ठेवायचा. नि मीच इसरलू."

सुमित्राबाईंनी बाबांच्या मुठीकडे बघितलं. मग हळू म्हणाल्या, "मामांजींना परसाद हातावर घेता यायचा नाय. मी वाटी धरायची." त्यांनी कामगारांना जायला सांगितलं. मीना रडत घरात गेली. मला हायसं वाटलं. वाटलं, चला, संपलं एकदाचं.

पण घरी आल्यावर बाबा जेवले नाहीत. त्यांनी सगळ्या चिठ्ठ्यांचे आकडे उतरवलेली वही काढली आणि पहिलं पान उघडलं. पहिला कागद आमचाच होता. गल्लीच्या तोंडच्या दगडापासून तीस हात. अठरा इंची हाताने पंचेचाळीस फूट; त्या हिशेबाने बाबांनी माझी खोली बांधली होती, आणि शेजारच्या दुर्गाबाईंनी एक शब्द न बोलता आपलं तुळशीवृंदावन मागे नेलं होतं. तोही कागद मिठागरवाल्यांनीच लिहिलेला. म्हणजे तिथलाही हात मुठीचाच.

"टेप घे," बाबा म्हणाले.

मी गल्लीत दगडाशी बसले. बाबा टेप ओढत दारातून आत गेले. आतून त्यांचा आवाज येईना तसं मला राहवेना. वीतभराने काही व्हायचं नव्हतं, तरी मी टोक वीतभर पुढे सरकवलं. आयुष्यभर साखळी धरलेला माणूस, त्याच्या हाताला ते कळलंच.

"सुचिता," आतून हाक आली, "टोक मागं घे."

मी टोक परत दगडावर टेकवलं. आत गेले तेव्हा बाबा माझ्या पलंगाशी उकिडवे बसले होते. पेन्सिलची खूण फरशीवर साडेसदतीस फुटांवर होती, आणि तिच्यापुढे, दुर्गाबाईंच्या हद्दीत, माझ्या खोलीचे साडेसात फूट उरले होते, पलंग, कपाट, खिडकी, सगळं.

"दुर्गाला हाक मार," ते म्हणाले.