खूणकाका आणि यमूचं ताट

आईच्या चांदीच्या ताटामागचं नाव मी घासून काढलं. ते नाव कच्चं घातलं म्हणून सगळी बिल्डिंग खूणकाकांना बोल लावत होती, तेव्हा मी गप्प बसलो. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे त्यांच्याविषयी जे प्रेमाने लिहीन ते कोणाला फुकटचं वाटणार नाही.

काका थुंकी लावायचे. भांड्यावर नाव घालायच्या आधी अंगठा जिभेवर ओला करायचा आणि ठरलेल्या जागी गोल फिरवायचा, ही त्यांची पद्धत. त्याच अंगठ्याने ते तपकीर ओढत. नखाच्या कडेला तपकिरीची ओली, काळपट रेघ कायम असे. मला शिसारी यायची. लोक मात्र खुशाल त्यांच्या हातात पाण्याचे तांबे, पोह्यांच्या बश्या, पोळ्यांचे डबे देत.

जोगेश्वरी पूर्वेला आमची तीन मजली बिल्डिंग होती. ऐंशीच्या दशकातली ती वर्षं. घरोघरी मिक्सर, टेपरेकॉर्डर, टेबलफॅन येत होते आणि त्यांच्या मागोमाग चोर. काका मालवणकडचे, एका कारखान्याच्या टूलरूममधून रिटायर झालेले; आमच्याच मजल्यावर ते आणि त्यांची बायको असे दोघंच राहत. एक अणकुचीदार पोलादी कांडी आणि लहानशी हातोडी एवढंच त्यांचं सामान. टिंबाला टिंब लावून ते अक्षर उठवत आणि बदल्यात फक्त चहा घेत. वस्तूवर अशी खूण घालणारे, म्हणून खूणकाका. दूध घालणारा भैया खालून हाक मारायचा, "खूनकाका हैं क्या घर पे?" एक नवा भाडेकरू ते ऐकून दारातच थबकला, तेव्हा काका म्हणाले, "ये रे, भिया नको. अजून कोण मेलेलो नाय."

नाव दिसेल असं घालायला ते साफ नकार देत. "समोर कशाला? चोराक पण वाचूक येता," म्हणायचे. मिक्सरच्या बुडाखाली, डब्याच्या काठाच्या आत, पंख्याच्या टोपीत अशा जागा ते शोधत. कोणी नव्या पातेल्यावर मोठ्या अक्षरांत नाव मागितलं की म्हणत, "पाटी रंगवणाऱ्याकडे जा."

आणि एक प्रश्न ते प्रत्येक वस्तूला विचारत : "ही कोणाची?" घराची, असं उत्तर त्यांना चालत नसे. एकदा पहिल्या मजल्यावरचे एक गृहस्थ बायकोच्या शिलाई मशीनवर स्वतःचं नाव घालून घ्यायला आले. काकांनी विचारलं, "चालवता कोण?" त्या गृहस्थांनी मशीन तसंच परत नेलं.

दिवाळीच्या तोंडावर आईने ट्रंकेतून चांदीचं ताट काढलं. आजीने लग्नात दिलेलं. काकांनी विचारलं, "वहिनी, ताट कोणाचं?"

"माझ्या आईने दिलेलं."

"मग माहेरचं नाव सांगा."

आई लाजली. "यमू," ती म्हणाली. लग्नात तिचं नाव बदललं होतं, आणि आजी गेल्यावर तिला यमू म्हणणारं कोणी उरलं नव्हतं. काकांनी अंगठा ओला केला, ताटामागे काठाजवळ फिरवला आणि टिकटिक करत ती दोन अक्षरं घातली. आई ताट उलटं करून कितीतरी वेळ बघत राहिली. मला तिच्या डोळ्यांतलं पाणी दिसलं नाही, काकांची थुंकी दिसली.

त्या ताटात देवाला नैवेद्य दाखवला. त्यातला लाडू माझ्या घशाखाली उतरेना. मागून पुढे थुंकी येत नाही, ताट चिंचेने लख्ख घासलं आहे, हे सगळं कळत होतं. तरी ओकारी आली. भाऊबीज झाल्यावर ताट ट्रंकेत ठेवायचं काम मी मागून घेतलं, पॉलिशपेपर आणला आणि गच्चीवर बसून ते नाव घासलं. दोन संध्याकाळी घासलं. मग जुन्या धोतरात गुंडाळून ताट ट्रंकेच्या तळाशी ठेवलं. आज किळस येते ती त्या घासणाऱ्या हाताची.

माघात अख्खी बिल्डिंग गोरेगावला एका लग्नाला गेली होती, तेव्हा चार घरं फुटली. चोर मालासकट सापडले. पोलीस स्टेशनात टेबलावर सगळं मांडलं होतं. इन्स्पेक्टर म्हणाले, "खूण दाखवा, वस्तू न्या." काका एकेक भांडं उलटं करून नाव वाचत आणि लोक हसत आपापलं उचलत. आईने ताट ओळखलं. पण त्याच चोरांनी आधी फोडलेल्या दुसऱ्या बिल्डिंगमधली एक बाईही ते आपलं म्हणत होती.

"मागे यमू लिहिलंय," आई म्हणाली.

काकांनी ताट उलटं केलं, चष्मा कपाळावर चढवला, उजेडाकडे धरलं. काहीच नव्हतं. मी शेजारीच उभा होतो, त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. म्हणाले, "वहिनी, हात हलका पडला असेल माझा." ताट मुद्देमालात जमा झालं, ते आम्हाला परत मिळालं नाही.

त्यानंतर जे झालं ते घाणेरडं होतं. ज्यांना वस्तू मिळाल्या तेच लोक म्हणू लागले, "काकांची खूण उडते. आमचा मिक्सर मिळाला तो नशिबाने." कामं बंद झाली. आई त्यांना समोरून येताना पाहून मान वळवू लागली. काका गॅलरीत बसून जुन्या पत्र्याच्या झाकणांवर अक्षरं घालत आणि आपला हात किती खोल जातो ते चाचपून बघत. मी जिन्यावरून जाताना ती टिकटिक ऐकत असे. असा तीन वर्षं ऐकत राहिलो.

मग त्यांनी खोली विकली. गावी जायच्या आदल्या दिवशी ते आमच्या दारात आले. आईने या म्हटलं नाही.

"वहिनी, जाताना एवढंच सांगायचं होतं. तुमच्या आईची वस्तू माझ्यामुळे गेली. माफ करा."

एक म्हातारा माझ्या पापाची माफी माझ्या आईकडे मागत उंबऱ्याबाहेर उभा होता. स्वतःची इतकी घाण मला कधी वाटली नव्हती.

"काका, नाव नीट होतं," मी म्हणालो. "मी घासलं ते."

आई वळली. "का रे?"

"काका थुंकी लावतात. मला किळस आली."

काका माझ्याकडे वळले. "कशाने घासलंस?"

"पॉलिशपेपरने."

"किती वेळ लागलो?"

"दोन संध्याकाळी."

"दोन?" त्यांचा चेहरा बघता बघता सैल झाला. "वहिनी, ऐकलात मा? दोन संध्याकाळी. चांदी ती, मऊ. तरी दोन." मग गॅलरीत वळून त्यांनी बायकोला हाक मारली, "अगो, ऐकलंस काय? हात हलको नव्हतो माझो. पोरान घासल्यान."

"काका, मला माफ करा," मी म्हणालो. ते त्यांना ऐकू गेलं नाही. ते शेजारच्यांचं दार वाजवत होते. मी चपला न घालता त्यांच्या मागे गेलो, आणि दार उघडल्यावर शेजारच्यांसमोर तेच पुन्हा म्हणालो, या वेळी मोठ्याने.