दोन कॉलेजं, एक फेटा आणि उसनी म्हैस

बारावीचा निकाल लागला आणि आमच्या घरात दोन पक्ष पडले. लेक सानिका म्हणे, बी.एस्सी. अ‍ॅग्री करायची तर बारामतीला, होस्टेलवर राहून. मी म्हणे, इंदापूरकडच्या कॉलेजात, बावड्याला माझ्या थोरल्या भावाकडे राहून. नवऱ्याने शहाणपणाने ऑफिसचं काम काढलं. शेवटी ठरलं, दोन्ही कॉलेजं बघायची आणि अंतिम निर्णय माझा. खरं सांगते, तो मी निघायच्या आधीच घेऊन ठेवला होता. सतरा वर्षांची पोर डोळ्याआड करायची माझी छाती नव्हती.

पुण्याहून पहाटे सहाला निघालात तर हडपसरची गर्दी चुकते. सोलापूर हायवेने पाटस, तिथून उजवीकडे बारामती. चहापाण्यासकट अडीच तास धरा. शहरात शिरताच मिसळ खाल्ली. तर्री मागून घ्या, नाहीतर पुणेकर समजून फिकी देतात.

बारामतीचं कॉलेज हिरवंगार, प्रयोगशाळा चालू, मुलं मातीने बरबटलेली. मी सगळं सोडून होस्टेलच्या खिडक्यांचे गज हलवत बसले. मेसमधले पोहे चाखले. रेक्टरबाईंना विचारलं, "हिला ताप आला तर?"

"डॉक्टर येतात, ताई."

"आणि डॉक्टरांनाच ताप आला तर?"

बाईंनी पाणी मागवलं. माझ्यासाठी की स्वतःसाठी, कळलं नाही. सानिका लालबुंद होऊन गाडीत जाऊन बसली.

दुपारी निमगाव केतकीवरून इंदापूर, पुढे बावडा. रस्ता चांगला आहे, फक्त उसाच्या हंगामात जाऊ नका, दोन-दोन ट्रॉल्यांच्या मागे अख्खी दुपार जाईल. भावाकडे मुक्काम केला. त्याला सगळं गाव तात्या म्हणतं, म्हणून मीही. पंचक्रोशीत कुणाचाही सत्कार असो, तात्या स्टेजवर असतोच.

दुसऱ्या दिवशी तात्याच्या पांढऱ्याधोप गाडीतून दुसऱ्या कॉलेजच्या फाटकात शिरलो आणि हलगी कडाडली! रांगोळी, औक्षणाची ताटं घेतलेल्या मुली, सुटाबुटातले प्राचार्य. त्या दिवशी तिथे तपासणी समिती यायची होती. पांढरी गाडी, पुढे कडक इस्त्रीतला तात्या, मागे चष्मा लावून काखेत फाइल धरलेली मी. त्यांची तरी काय चूक? फाइलमध्ये सानिकाच्या गुणपत्रिका होत्या.

"अहो, आम्ही नुसते पालक आहोत," मी ओरडले. हलगीपुढे कोण ऐकतंय!

"तात्या, सांग ना त्यांना!"

"गप गं," तात्या कुजबुजला. "सत्काराला न्हाय म्हणणं बरं दिसत न्हाय." आणि त्याने फेट्यासाठी मान पुढे केली. मला शाल आणि नारळ मिळाला.

मग एका प्राध्यापकांनी आम्हाला सगळं दाखवलं. सूक्ष्मदर्शकांवरचं प्लास्टिक अजून निघालेलं नव्हतं. पडद्यांना दुकानाची चिठ्ठी तशीच. गोठ्यात एकच म्हैस, शिंगांना लालभडक हिंगूळ लावलेली. तात्या तिच्याकडे निरखून बघत राहिला आणि एकदम म्हणाला, "आरं, ही तर आमच्या शेजारच्या आबांची म्हस हाय! व्हय का न्हाय गं?" म्हशीने ओळखीचा हंबरडा फोडला.

प्राध्यापक घामाघूम. "प्रात्यक्षिकासाठी आणलीय, साहेब."

सानिकाने अगदी सभ्यपणे विचारलं, "सर, एरवी प्रात्यक्षिक कशावर होतं?"

"चित्रावर."

तेवढ्यात फाटकाशी एका छोट्या धुळकट गाडीतून दोन दमलेले गृहस्थ उतरले. खरी समिती! प्राचार्य धावत माझ्याकडे आले आणि खालच्या आवाजात म्हणाले, "मॅडम, ती शाल जरा... दोनच आणल्या होत्या." मी शाल-नारळ परत दिला. तात्या मात्र हटेना. "डोस्क्यावरचा फेटा कुणी मागं घेतं व्हय? आमी न्हाय देत जावा!"

परतताना भिगवणला उजनीची मासळी जरूर खा. गाडीत मी सहज म्हणून गेले, "पण काही म्हण, कॉलेजपासून बावडा जवळ आहे."

सानिका माझ्याकडे वळून बसली. मग म्हणाली, "आई, बारामतीत तू डॉक्टरच्या तापापर्यंत पोचलीस. इथे म्हैससुद्धा उसनी होती. तू एक तरी प्रश्न विचारलास?"

लाज वाटली, आणि तिचा रागही आला, कारण ती बरोबर होती.

आठवड्याने ऑनलाइन पसंतीक्रम भरायचा होता. मी म्हटलं, "पहिलं बारामती टाक."

"नक्की?"

"लवकर दाब ते बटण, माझं मन फिरेल."

तिने दाबलं. मी स्वयंपाकघरात गेले आणि भांडी घासायच्या निमित्ताने नळ मोठा सोडून पोटभर रडले. थोड्या वेळाने सानिका आली, नळ बंद केला आणि माझ्या शेजारी उभी राहून भांडी पुसायला लागली. सगळी भांडी तर सकाळीच घासलेली होती.